गच्चीवरचं 4जी युनिट: पावसाळा काढल्यानंतर

आमच्या वाडीत फायबर अजून आलेलं नाही आणि घरात फोनला जेमतेम एक दांडी. म्हणून गच्चीवर बाहेर बसवायचं 4जी युनिट घेतलं, म्हणजे मोबाइल टॉवरचा सिग्नल पकडून तारेने घरातल्या राउटरला नेट देणारा डबा. कोकणातला अख्खा पावसाळा त्याने अंगावर काढला, रेंजबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आकड्यांच्या जुळणीची.

खोक्यावर 300 एमबीपीएस छापलंय. खोटं नाही ते. मोडेम कॅटेगरी 6 चा (4जीमधला वेगाचा वर्ग) आहे, 20-20 मेगाहर्ट्झच्या दोन कॅरियर (टॉवरच्या लहरींचे पट्टे) जोडल्या की कागदावर तेवढा वेग होतोच. पण त्याच युनिटचा लॅन पोर्ट (घराकडे जाणारी तार लावायची जागा) 100 एमबीपीएसचा! टॉवरने कितीही ओतलं तरी घरात 94-95 च्या वर उतरणार नाही. बोअरला पाच एचपीची मोटर आणि वर अर्धा इंची पाइप.

सुरुवातीला तर तेही मिळत नव्हतं. पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती लवकर येतं ते) छान, व्हॉट्सअॅप सुरळीत, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की रखडत 3-4 एमबीपीएसवर. बसवणाऱ्याने ‘टॉवरवर लोड आहे’ म्हणून हात झटकले. लॅपटॉप थेट पीओई अडॅप्टरला (एकाच केबलमधून युनिटला वीज देणारा आणि नेट घेणारा डबा) लावला, तर 60! मग राउटरची सेटिंगची पानं उघडली. डाउनलोड चालू असताना वॅनखालचा (युनिटकडून नेट येतं तो पोर्ट) सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून आलेल्या पॅकेटचा, आकडा भराभर चढायचा, बंद केलं की थांबायचा. त्या पठ्ठ्याने राउटरचा वॅन पोर्ट ‘100 फुल डुप्लेक्स’वर (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं) ठोकून ठेवलेला आणि युनिट मात्र ऑटोवर (समोरच्याशी जुळवून आपोआप ठरवायचं). एक बाजू अशी पक्की केली की समोरच्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग ते नियमाप्रमाणे हाफवर (एका वेळी एकानेच बोलायचं) जातं. दोघं एकदम बोलले की युनिट त्याला टक्कर समजून पॅकेट अर्धवट सोडतं. पिंगच्या चिमुकल्या पॅकेटना याची फारशी झळ लागत नाही, म्हणून दुखणं लवकर सापडत नाही. राउटर ऑटोवर टाकला, एरर थांबले.

राहिला क्यूओएस, म्हणजे कोणत्या डेटाला आधी सोडायचं हे राउटरने ठरवणं. तिथे वेगाचा आकडा भरावा लागतो आणि मोबाइल नेटला ठरावीक आकडा नसतोच. पहाटेचा वेग भरला, तर रात्री सगळी वाडी नेटवर असताना रांग राउटरऐवजी टॉवरकडे लागते आणि मीटिंगमधला आवाज तुटतो. म्हणून रात्रीच्या वेगाहून जरा कमीच ठेवलाय. दिवसा थोडा वाया जातो, जाऊ दे.

कोणी घेणार असेल तर गिगाबिट (1000 एमबीपीएस) पोर्टवालंच घ्या आणि सोबतचा पीओई अडॅप्टरही गिगाबिटचा आहे ना ते बघा. 100 वाले केबलमधल्या आठपैकी चारच तारांवर डेटा चालवतात, गिगाबिटला आठही लागतात. मी आहे तेच चालवणार.