स्पीकरमधली कुणकुण: आयसोलेटर, डॅक की ब्लूटूथ?

लॅपटॉपला स्पीकर जोडून गाणं लावलं की मागे बारीक कुणकुण सुरू व्हायची आणि चार्जर काढला की थांबायची. मी आधी केबल बदलली, मग स्पीकरवर संशय घेतला आणि शेवटी बाहेरचा यूएसबी डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचं स्पीकरला समजेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी, आणला. कुणकुण होती तशीच राहिली. डॅकचा त्यात काही दोष नव्हता, रोग न ओळखता औषध आणणारा मीच होतो. म्हणून खरेदीच्या तुलनेआधी दोन मिनिटांची तपासणी करून घ्या.

स्पीकर चालू ठेवून ऑडिओ केबल स्पीकरच्या बाजूने काढा. फोनच्या बाजूने काढली तर लोंबकळणारी तारच अँटेनासारखी घरघर पकडते आणि निदान चुकतं. केबल काढूनही आवाज येत असेल तर बिघाड स्पीकरमध्येच आहे, पुढचं काहीही विकत घेऊन उपयोग नाही. केबल काढल्यावर आवाज गेला, तर ती परत लावून फोन किंवा लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. आता शांतता असेल तर गुन्हेगार चार्जरच्या वाटेने येतोय.

बहुतेक वेळा हा ग्राउंड लूप असतो. तीन पिनच्या चार्जरमुळे लॅपटॉप अर्थिंगला जोडलेला, स्पीकरही अर्थिंगला जोडलेला आणि ऑडिओ केबलची बाहेरची जाळी त्या दोघांना पुन्हा एकमेकांशी जोडते. असं वर्तुळ पुरं झालं की दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे त्या जाळीतून करंट वाहतो आणि स्पीकर त्यालाही आवाजच समजतो. मेन्सची 50 किंवा 60 हर्ट्झची जाड घरघर यातूनच येते. लॅपटॉपच्या आतला गोंगाटही याच वाटेने बाहेर पडतो, म्हणून माऊस हलवला की शिट्टीचा सूर बदलतो. फोनच्या दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग नसतं, पण त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडा करंट पाझरतोच.

यावर सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते बहुतेकांनी आधी आजमावावा असा उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीएवढ्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, धातूचा जोड राहत नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं. त्याला वेगळी वीज लागत नाही, सेटिंगही नाही. किंमत मोजावी लागते ती बेसमध्ये: ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असला की खालचे सूर दबतात आणि आवाज मोठा केला की फाटतात. फोनचा आवाज थोडा कमी ठेवून स्पीकरचा वाढवला तर हे बरंच आटोक्यात येतं. बोलण्याचे कार्यक्रम, सिनेमा, साधं गाणं यांना हा फरक जाणवणार नाही, मोठ्या सबवूफरवर मात्र जाणवेल. आयसोलेटर लावायचा तो फोन आणि स्पीकरच्या इनपुटमध्येच. अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत तो चालत नाही.

यूएसबी डॅकबद्दल लोकांची सगळ्यात मोठी गल्लत होते. लॅपटॉपच्या जॅकमध्ये बॅटरीवर असतानाही सुस्कारा ऐकू येत असेल, तर डॅक तो नक्की सुधारतो. पण यूएसबीच्या तारेतही ग्राउंड, म्हणजे अर्थिंगशी जोडणारी तार, असतेच, म्हणजे वर्तुळ जसंच्या तसं. डॅक ठेवायचाच असेल तर मध्ये यूएसबीतला हा धातूचा जोड तोडणारा यूएसबी आयसोलेटर हवा. साधे आयसोलेटर सेकंदाला 12 मेगाबिटचे असतात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ अशा उच्च दर्जाच्या स्टिरिओलाही 4.6 मेगाबिट लागतात, तेव्हा वेगाची चिंता नको. पण डॅक त्या वेगावर चालतो का, हे आधी पाहून घ्या.

ब्लूटूथमध्ये तारच नाही, म्हणून लूपही नाही. मात्र साध्या जोडणीत आवाज 150 ते 250 मिलिसेकंद मागे पडतो. व्हिडिओ प्लेअर बहुधा चित्र थांबवून ते जुळवून घेतात, गेम खेळताना किंवा कीबोर्ड वाजवताना मात्र जीव नकोसा होतो. आणखी एक गंमत: स्पीकरला जोडलेल्या ब्लूटूथ रिसीव्हरला वीज त्याच लॅपटॉपच्या यूएसबीतून दिली, तर तुटलेलं वर्तुळ पुन्हा जुळतं. यूएसबी 3.0 ची उपकरणं 2.4 गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात, हे इंटेलने 2012 मध्येच मांडलं होतं. ब्लूटूथही तिथेच चालतं, तेव्हा आवाज तुटत असेल तर बाहेरची हार्ड डिस्क आधी दूर सरकवा.

ऑप्टिकल केबलमधून नुसता प्रकाश जातो. दोन्ही बाजूंना ते सॉकेट असेल तर बाकी काही वाचायची गरज नाही. अडचण एवढीच की फोनवर ते नसतं आणि लॅपटॉपवर क्वचित दिसतं. स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कामाचे स्पीकर, वापरणाऱ्यांनी बॅलन्स्ड आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायची आवाजाची डबी) घ्यावा. त्यात दोन तारांवर एकच आवाज उलटसुलट जातो आणि दोन्हींवर सारखा चढलेला गोंगाट पलीकडे वजा होतो. एकाच बाजूला बॅलन्स्ड असेल तर पैशांचा पुरेपूर मोबदला मिळत नाही.

केबलवर बसवायचा फेराइटचा मणी घरघरीवर काहीच करत नाही, तो रेडिओ लहरींसाठी असतो. फोन वाजण्याआधी स्पीकरमधून येणारं ‘टिडिक-टिडिक’ त्या जातीचं. टूजी फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा लहरींचे झटके सोडतो, तेच आपल्याला ऐकू येतात. त्यासाठी फोन मीटरभर लांब ठेवणं मण्यापेक्षा सरस आणि फुकट.

फुकटात करण्यासारखं आणखी एक म्हणजे दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावणं. अर्थिंगमधला फरक कमी होतो आणि कधीकधी तेवढ्यानेच भागतं. चार्जरची किंवा स्पीकरची अर्थिंगची पिन मोडायचा सल्लाही कोणीतरी देईलच. त्याने घरघर खरंच जाते. पण आत कधी शॉर्ट झालं तर स्पीकरच्या धातूच्या भागावर मेन्सचा करंट उतरतो आणि पुढचा हात तुमचा असतो.