सड्यावरचा फोटो नेमका कुठला? फोन, ब्लूटूथ की जीपीएस लॉगर

राजापूरकडची कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेल्या आकृत्या, टिपून घरी आलं की घोळ सुरू होतो. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार, सगळीकडे सारखंच. काळवंडलेला जांभा, पिवळं गवत, लांबवर एखादा गडगा, म्हणजे दगडी बांध. काशेळीचा हत्ती ओळखू येतो, पण बाकीच्या आकृत्यांतली बारसूची कुठली नि देवीहसोळची कुठली, हे महिन्याभराने मलाच सांगता येत नव्हतं. फोटोसोबत जागेची नोंद हवीच. ती करायचे तीन मार्ग मी वापरून बघितले.

खरेदीला निघालेल्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. दुकानात ‘जीपीएस ट्रॅकर’ मागितला तर बहुतेक वेळा गाडीला लावायचा, सिमकार्डवाला डबा पुढ्यात येतो. तो आपली जागा नेटवर्कवरून दुसऱ्याला कळवतो. आपल्याला हवा लॉगर: दर काही सेकंदांनी अक्षांश-रेखांश आणि वेळ स्वतःजवळ लिहून ठेवणारा.

पहिला मार्ग कॅमेरा ब्लूटूथने फोनला जोडायचा. जमलं तर याच्यासारखं सुख नाही, क्लिक करताक्षणी जागा फोटोत जाते. पण जोडणी कधी तुटली ते कळत नाही. फोन ॲपला झोपवतो आणि संध्याकाळी बघावं तर निम्मे फोटो कोरे. दोनदा असं झाल्यावर मी नाद सोडला.

दुसरा मार्ग फोनवरच्या ॲपमध्ये दिवसभराची वाट नोंदवायची. रात्री तिची जीपीएक्स फाइल (वाटेवरच्या जागा आणि वेळा लिहिलेली) काढायची आणि लाइटरूम, डिजीकॅम किंवा फुकटचं एक्झिफटूल अशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंच्या वेळेशी जुळवायची. इथे लोक हमखास विचारतात, की सड्यावर रेंज नसते, मग कसं? वाट विचारली तेव्हा एका आजोबांनी मला सांगितलं होतं, “फोन लावायचाय? त्या गडग्यावर चढा, एखादा टॉवर गावंल.” जीपीएसला गडग्यावर चढावं लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहांकडून येतो. फक्त नेटवर्क नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. म्हणून ॲप रेंज असलेल्या ठिकाणी, चहा पितानाच सुरू करावं. त्या ॲपपुरती बॅटरी बचतही बंद करावी, नाहीतर वाट मध्येच तुटते.

तिसरा म्हणजे वेगळा लॉगर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पिशवीच्या वरच्या कप्प्यात टाकला की दिवसभर विसरून जायचं. पावसाळ्यात याची खरी किंमत कळते. ओल्या बोटांना फोनची स्क्रीन दाद देत नाही, शिवाय परतीची एसटी कधी आहे हे विचारायला फोनमध्ये चार्ज उरलेला असतो. उघड्या सड्यावर लॉगर आणि फोन दोघेही काही मीटरच्या आत जागा दाखवतात. माड-पोफळीच्या दाट बागेत किंवा किल्ल्याच्या तटाला लागून दोघेही भरकटतात. अचूकतेसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, हे माझं मत.

यंत्र कुठलंही घ्या, घात करतं ते कॅमेऱ्याचं घड्याळ. माझं एकदा चार मिनिटं पुढे होतं. मोटरसायकलवर चाळीसच्या वेगात चार मिनिटं म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त. जाताना वाटेत थांबून काढलेले फोटो नकाशावर पुढच्या गावात जाऊन बसले. तेव्हापासून सकाळचा पहिला फोटो मी फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचाच काढतो, म्हणजे घरी फरक मोजून सगळे फोटो एकदम सरकवता येतात. जीपीएक्समधली वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. सॉफ्टवेअरमध्ये भारताची वेळ निवडायला विसरलात तर सकाळचा फोटो दुपारी जिथे होतात तिथे जाऊन पडतो, नाहीतर कुठेच बसत नाही.

वर्षातून एखाद-दुसरी सहल असेल तर फोनवरचं ॲप पुरे. सलग चार-पाच दिवस हिंडणार असाल किंवा जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर लॉगर घ्या. आणि दोन्ही नकोच असेल तर प्रत्येक ठिकाणी फोनने एक फोटो काढून ठेवा. लोकेशन चालू असेल तर त्यात जागा आपोआप येते. मात्र व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती पुसली जाते, त्यामुळे मूळ फाइल जपा.

जुना लॉगर स्वस्तात मिळत असेल तर आधी अर्धा तास उघड्यावर चालवून बघा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, शेवटची आली ती एप्रिल २०१९ मध्ये. काही जुनी यंत्रं अशा वेळी गडबडतात आणि जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची तारीख लिहितात. जागा बरोबर असते, पण तारखेमुळे एकही फोटो जुळत नाही.