पुण्याच्या थंडीतला टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक : पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंतचा अनुभव

माझी गाडी सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारी), पेट्रोल इंजिन. रोजचं बावधन-हिंजवडी, अधूनमधून खंबाटकी. पावसाळ्यात लोण्यासारखा चालणारा हा गिअरबॉक्स डिसेंबर लागला की सकाळी वेगळा वागतो. पाषाण-बावधनकडे पहाटे पारा दहाच्या आसपास आला की पहिले काही किलोमीटर वरचा गिअर उशिरा पडतो, आरपीएम (इंजिनचे फेरे) चढे राहतात, पी (पार्किंग) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकताना हलका धक्का बसतो. यातला बराचसा भाग बिघाड नाही. एवढ्यावरून ऑइल फ्लश करून घेऊ नका.

गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, साधारण ७५ ते ९५ अंशांवर नीट काम करतं. दहा अंशांना ते कितीतरी पट घट्ट असतं, त्यामुळे क्लच पॅकपर्यंत (गिअर लावणाऱ्या चकत्यांपर्यंत) दाब पोहोचायला क्षणभर जास्त लागतो. शिवाय ऑइल तापेपर्यंत गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) मुद्दाम लावत नाही आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) लवकर तापावा म्हणून खालचा गिअर धरून ठेवतं. ओळखायला सोपं आहे: सपाट रस्त्यावर ५०-६० च्या स्थिर वेगात ॲक्सिलरेटर किंचित दाबा. वेग तितकाच राहून आरपीएम आधी वर पळाले, तर लॉक-अप अजून उघडं आहे. डॅशबोर्डवरची कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) निळी खूण विझली म्हणून एटीएफही तापलं असं समजू नका, ते बरंच मागे असतं. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला जोडायचं उपकरण) एटीएफचं तापमान दाखवत असेल तर फरक स्वतःच बघा.

गाडी उभी ठेवून पाच मिनिटं गरम करण्यात अर्थ नाही, पी-मध्ये गिअरबॉक्स फारसा तापतच नाही. स्टार्टनंतर इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर असतं. अर्ध्या-एक मिनिटात ते खाली आलं की ब्रेक दाबून डी टाका, गिअर लागल्याचं जाणवलं की मगच ॲक्सिलरेटर. चढ्या आरपीएमवर डी टाकलं तर धक्का मोठा बसणारच. सोसायटीच्या बेसमेंटमधून निघताना हे जास्त महत्त्वाचं, कारण गाडी सुरू होताच समोर खडा रॅम्प येतो आणि थंड क्लचवर सगळा भार पडतो. तिथे मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरा, म्हणजे मधेच दुसरा पडून पुन्हा पहिला लागण्याची ओढाताण टळते. चांदणी चौकाच्या चढापर्यंत अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर देऊ नये.

उतारावर उभी केलेली गाडी सकाळी पी-मधून काढताना 'खट्ट' आवाज येतो, त्याचा थंडीशी संबंध नाही. गाडीचं वजन पार्किंग पॉलवर (पी-मध्ये गिअरबॉक्स अडकवणाऱ्या खुंटीवर) टेकलेलं असतं. रात्री लावताना क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून एन (न्यूट्रल), हँडब्रेक ओढा, ब्रेक हळू सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी. आवाज जातो.

काळजी कधी करायची? डी किंवा आर (रिव्हर्स) टाकल्यावर दोन सेकंदांहून जास्त वेळ काहीच घडलं नाही, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम मोकळे पळाले, किंवा हे सगळं गाडी तापल्यावरही तसंच राहिलं, तर लगेच दाखवा. पहिला संशय ऑइलच्या पातळीवर घ्या. ती इंजिन चालू ठेवून आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपासायची असते. थंड ऑइल आकुंचन पावलेलं असतं, त्यामुळे थंडपणी बरोबर भरलं तर गरम झाल्यावर जास्त होतं. जळका वास आला तर क्लच झिजतायत. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमधून कूलंट आत शिरलंय, मग गाडी चालवूच नका, टो करून न्या.

ऑइल साधारण ६०,००० किलोमीटरला बदललेलं बरं, 'लाइफटाइम' लिहिलं असलं तरी. ड्रेन केल्यावर निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोड्या अंतराने दोनदा ड्रेन-फिल (जुनं काढून नवं भरणं) करणं योग्य. डब्यावर कंपनीने सांगितलेलंच स्पेसिफिकेशन हवं. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल यात चुकूनही नको.