‘ओन्ली’ क्रियापदाआधी की नेमक्या शब्दाआधी?

डिचोलीतील एका शिक्षिकेला प्रश्न पडला आहे: इंग्रजीतील ‘ओन्ली’ हे क्रियाविशेषण मुलांना मुख्य क्रियापदाआधी लिहायला शिकवावे, की ज्या शब्दावर त्याचा रोख आहे त्याच्या अगदी आधी?

अर्थाच्या स्पष्टतेत दुसरी पद्धत निर्विवाद सरस आहे. ‘द फेरी ओन्ली कॅरीज स्कूटर्स ऑन संडेज’ या वाक्यातून रविवारी फेरीबोटीत फक्त स्कूटरच चढवतात, की स्कूटर फक्त रविवारीच चढवतात, हे कळत नाही. ‘ओन्ली’ ‘स्कूटर्स’आधी आणले की रविवारी मोटारवाल्याने पुलावरून जावे हे उघड होते, ‘ऑन संडेज’आधी नेले की सोमवारी धक्क्यावर आलेला स्कूटरवाला परत फिरतो. ‘ऑलमोस्ट’चे तर याहून नाजूक आहे, कारण ‘आय ऑलमोस्ट लॉस्ट ऑल माय मनी’ म्हणणाऱ्याचे पैसे वाचलेले असतात, तर ‘आय लॉस्ट ऑलमोस्ट ऑल माय मनी’ म्हणणाऱ्याचे बहुतेक गेलेले असतात.

सहजतेत मात्र पहिली पद्धत पुढे आहे. बोलताना आवाजाचा जोर अर्थ सांभाळतो, त्यामुळे ‘आय ओन्ली वाँटेड टी’ या वाक्यात काहीच चूक नाही, आणि ते चूक ठरवणारे व्याकरण मला अन्यायाचे वाटते.

श्रम पहिल्या पद्धतीत कमी, कारण जागा ठरलेली असते.

संभाषण आणि घरगुती पत्रांसाठी पहिली पद्धत पुरेशी आहे. सूचनाफलक, अर्ज, नियम आणि परीक्षेतील निबंध लिहिणाऱ्यांनी दुसरीच अंगवळणी पाडावी.