सोंग्ये राखणदार घेतला, पण पोटात काहीच नाही!

ब्रसेल्सला साब्लोंच्या बाजूला आफ्रिकन वस्तूंची बरीच दुकानं आहेत, त्यातल्याच एका छोट्या दुकानातून (नाव नाही लिहीत, का ते कळेलच) मी फूटभर उंचीची सोंग्ये मूर्ती घेतली, १३० युरोला. सोंग्ये म्हणजे काँगोत लोमामी नदीच्या पट्ट्यातले लोक आणि मूर्तीला ते न्किशी म्हणतात, रोगराई, करणी असल्या गोष्टींपासून सांभाळणारा, कोकणातल्या राखणदारासारखा म्हणा.

काम झकास आहे हां. एवढं मोठं डोकं, चौकोनी हनुवटी, दोन्ही हात पोटावर, चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, टाळूवर शिंग. लांबूनसुद्धा दरारा वाटतो.

बोंब आहे ती दुकानदाराच्या गप्पांची. म्हणे १०० वर्षं जुनी, गावात पूजलेली. आता मी आदल्याच रविवारी ब्रसेल्सजवळचं तेर्वुरेनचं आफ्रिका म्युझियम बघून आलेलो (२०१८ ला नूतनीकरण करून परत उघडलं ते, आवर्जून जा) आणि त्यानंतर दोन रात्री हेच वाचत बसलेलो, त्यामुळे एवढं कळत होतं की कारागीर कोरतो ते नुसतं लाकूड, मग न्गांगा म्हणजे त्यांचा जाणता माणूस पोटातल्या नाहीतर डोक्यातल्या पोकळीत बिशिंबा भरतो, झाडपाला, माती, प्राण्यांचे अवशेष वगैरे, तेव्हा कुठे त्यात ताकद येते. आपली प्राणप्रतिष्ठाच की. अख्ख्या गावाच्या मोठ्या मूर्तीला तर हातसुद्धा लावत नसत, हाताला काठ्या बांधून उचलायचे.

आणि माझ्या मूर्तीच्या पोटाला भोकच नाही! शिंगही आतून रिकामं, वरून चिकटवलेलं. विचारलं तर म्हणतो, औषध गळून गेलं असेल. अहो पण मग भोक कोणी बुजवलं? बिलावर "जुनी मूर्ती" लिहून द्या म्हटलं तर साहेबांनी गुपचूप "डेकोरेशन" लिहिलं.

तरी घेतली, आणि खरं सांगायचं तर विकायलाच बनवलेली आहे म्हणूनच घेतली. काँगोवर बेल्जियमची राजवट होती तेव्हा कुठल्या गावाचा राखणदार उचलून आणलेला असता आणि तो माझ्या टीव्हीशेजारी बसला असता तर मला झोप लागली नसती.

मूर्तीला ४ स्टार, दुकानदाराला १. पॅकिंग म्हणजे रद्दी पेपर आणि सेलोटेप, शिंग ट्राममध्येच निखळलं, घरी येऊन फेविक्विकने बसवलं.