आतल्या खोलीतलं वायफाय: रिपीटर, मेश की सरळ केबल?

राउटर दाराजवळ आणि कामाचं टेबल शेवटच्या बेडरूममध्ये, मुंबईतल्या बहुतेक टू बीएचकेंची हीच गत. फायबरवाला डक्टमधून तार आणतो, दाराच्या चौकटीवरून आत घेतो आणि हॉलच्या पहिल्याच भिंतीवर डबा ठोकून निघून जातो. आत लॅपटॉप उघडून बसणाऱ्याचा विचार तेव्हा कुणीच केलेला नसतो. मग तिथे वायफाय अडखळतं आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो.

रिस्टार्ट, ड्रायव्हर अपडेट, नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडणं हे तुमचं करून झालं असेल असं धरून चालतो. आता प्रश्न पैसे कशावर घालायचे हा. रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा छोटा डबा), मेश (मिळून एकच नेटवर्क चालवणाऱ्या डब्यांचा संच), की हॉलपासून आतपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर? मुलुंडच्या आमच्या घरात मी आधी रिपीटर वापरला, मग केबल टाकली. मेश बहिणीकडे कांदिवलीला बसवून दिलंय, आणि तिच्याकडे मुक्काम असला की माझं ऑफिसचं काम त्यावरच चालतं.

खरेदीआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. आतल्या खोलीत बसून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, सतत चालणारी पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा; दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गुगलच्या सर्व्हरला. मग नेहमीसारखी मीटिंग करा. आवाज तुटला त्या क्षणी दोन्हीकडचे आकडे उसळले किंवा 'टाइम आउट' दिसलं, तर बिघाड घरातल्या हवेत आहे. राउटरची पिंग स्थिर आणि फक्त ८.८.८.८ ची बिघडली, तर दोष राउटरच्या पलीकडचा. मग या तिन्हींपैकी काहीही आणलंत तरी फरक पडणार नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवा. आणि राउटरशेजारी बसूनही लॅपटॉपच अडखळतोय, फोन मात्र मस्त चालतोय, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाचं 'पॉवर मॅनेजमेंट' पाहा. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायला परवानगी देणारी एक टिक तिथे असते. ती काढल्यावर काही लॅपटॉप लगेच सुधारतात, एक रुपया न खर्चता.

दोष हवेतलाच निघाला, तर मामला भिंतींचा आहे. जुन्या इमारतींत विटांच्या भिंती असतात. वायफायचे पट्टे मुख्यतः दोन, वेगवान ५ गिगाहर्ट्झ आणि जुना २.४. एखाद-दुसऱ्या विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ कसंबसं पोहोचतं. रिडेव्हलपमेंटच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी 'मायवन' पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यांत, आतल्या भिंतीसुद्धा सळ्यांसकट काँक्रीटच्याच ओततात. तिथे ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीशी मान टाकतं. लॅपटॉप मग २.४ वर घसरतो आणि तिथे तर बाजार भरलेला. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मजल्यावरची सगळी घरं, वरचे, खालचे, समोरची विंग, सगळ्यांची वाटणी त्या तिघांत. ब्लूटूथ हेडफोन आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. चॅनेल बदलून आराम मिळतो, पण तात्पुरता. शेजारचे राउटर 'ऑटो'वर असतात, ते आपली जागा बदलत राहतात. तेव्हा खरं काम आहे ते ५ गिगाहर्ट्झ आतल्या खोलीत आणून पोहोचवण्याचं.

रिपीटरची बाजू आधी सांगतो, कारण ती कमजोर नाही. तिघांत सगळ्यात स्वस्त हाच. भिंतीतल्या सॉकेटला लावला, ॲपमध्ये पासवर्ड टाकला, झालं. भाड्याच्या घरातून निघताना काढून खिशात टाकता येतो. फोन, टीव्ही, मुलांचे व्हिडिओ यांना तो पुरतो, कारण तिथे पुढचं थोडं आधीच साठवलेलं असतं आणि मधला खंड कळत नाही. वेग कमी होतो हे खरं. एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं म्हटलं की तो जवळपास निम्म्यावर येतो. पण व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, तेवढी घट मी आनंदाने सोसली असती.

मला वैताग आणला तो रेंजच्या काड्यांनी. आमचा रिपीटर पॅसेजमध्ये, माझ्या टेबलापासून जेमतेम एका दाराच्या अंतरावर. लॅपटॉपवर काड्या कायम फुल. आणि समोरचा सांगतोय, "तुमचा आवाज तुटतोय." लॅपटॉप दाखवतो ती रिपीटरपर्यंतची रेंज. रिपीटर आणि हॉलमधला राउटर यांच्यात काय चाललंय ते त्याला ठाऊकच नसतं. आमच्याकडे त्या दोघांच्या मधे बाथरूमची टाइल्स लावलेली भिंत, आतून जाणारे पाइप आणि आईचं लोखंडी कपाट. खरी कमजोर कडी तीच, आणि नेमकी तीच स्क्रीनवर दिसत नाही. त्यामुळे संशय प्रत्येक वेळी भलत्यावरच जातो. आधी मीटिंगचं ॲप, मग हेडफोन, मग लॅपटॉप, मग कंपनी. हेल्पलाइनवरची मुलगी विचारते, "सर, रेंज किती दाखवतंय?" मी म्हणतो, "फुल." "मग आमच्याकडून लाइन ओके आहे, सर." तिचंही बरोबर, माझंही बरोबर, आणि मीटिंग हातची गेलेली. रिपीटरच्या पत्त्याला तिसरी पिंग लावून हे उलगडता येतं, पण क्लायंटशी बोलता बोलता तीन खिडक्यांवर नजर ठेवायची हे रोजचं काम होऊ शकत नाही. रिपीटर राउटर आणि टेबलाच्या बरोबर मध्ये लावावा असं सांगतात. आमच्या घरात ती बरोबर मधली जागा बाथरूममध्ये येते.

मेशने ही अडचण बरीच कमी होते. बहिणीचं घर नव्या टॉवरमधलं, काँक्रीटच्या भिंतींचं. तिथे दोन डब्यांचा संच लावला आणि आतल्या खोलीतल्या मीटिंगा निर्वेध व्हायला लागल्या. डबे आपापसात बोलून रस्ता ठरवतात, ॲप दोन डब्यांमधली जोडणी चांगली की कमजोर तेही सांगतं, सगळीकडे नेटवर्कचं नाव एकच. किंमत रिपीटरच्या कितीतरी पट आहे, पण काम त्या मानाने होतं. दोन गोष्टी तरी लक्षात असू द्या. डब्यांमधली जोडणी हवेतूनच जाते, म्हणजे तीच भिंत मधे आहेच. दुसरा डबा थेट बेडरूमच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलात तर पुन्हा फुल काड्या आणि तुटका आवाज. शिवाय कोणत्या डब्याला चिकटायचं हे शेवटी लॅपटॉप ठरवतो. डबा फक्त सुचवू शकतो, आणि काही लॅपटॉप हॉलमधून आत आल्यावरही हॉलचाच डबा धरून बसतात. बहिणीला याचा त्रास फारसा नाही, कारण ती एका जागी बसून काम करते.

माझा कल केबलकडे आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या घरापुरतं बोलतोय, तुमच्या भिंती वेगळ्या असतील. इलेक्ट्रिशियनने छताच्या कडेने केसिंग पट्टीतून कॅट ६ दर्जाची लॅन केबल नेली; विजेच्या तारांच्या पट्टीतून नेऊ नका, वेगळी पट्टी घ्या. आतल्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटर लावला. त्याच्यात 'ॲक्सेस पॉइंट' मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याला वेगळा पत्ता द्या, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पोर्टात नव्हे, लॅन पोर्टात खोचा. नाव आणि पासवर्ड हॉलच्या राउटरचेच, चॅनेल मात्र वेगळं. महत्त्वाची मीटिंग असली की मी वायफायही सोडतो आणि टाइप सीच्या लॅन ॲडॅप्टरने केबल थेट लॅपटॉपला जोडतो. राउटरची पिंग तेव्हा १ मिलिसेकंदाच्या आत असते आणि तिथेच राहते.

पण मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं ते वेगळंच. बिघाड कुठे आहे ते कळतं. पोर्टाशेजारचा दिवा पेटलेला असतो किंवा नसतो. पेटलेला आहे आणि तरी नेट नाही, तर दोष बहुधा राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. हेल्पलाइनला ठामपणे सांगता येतं की मी केबलवर आहे, रेंजचा प्रश्न नाही. त्यानंतर त्यांची भाषाही बदलते, निदान माझा अनुभव तसा आहे.

केबलला अडचणी नाहीत असं मुळीच नाही. भिंतीवरची पट्टी आईला अजून खटकते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर मालक भिंतीला ड्रिल लावू देईलच असं नाही; तिथे मी मेशच सुचवेन, आणि घेताना डब्यांना लॅन पोर्ट आहेत एवढं पाहून घ्या, म्हणजे पुढे स्वतःच्या घरात तेच डबे केबलने जोडता येतील. रिपीटर मी फक्त टीव्ही आणि फोनसाठी सुचवेन. लॅपटॉपवर रोजीरोटी असणाऱ्याला मात्र नाही.

केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मीटरवर मिळते. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वाकवताना तुटायची भीती जास्त. 'फुल कॉपर' मागा आणि टोक सोलून दाखवायला सांगा. दोन्ही टोकांना हातभर जास्तीची ठेवा. आणि घराला रंग काढणार असाल, तर केबल त्याच्या आधी टाकून घ्या.