निकोटीन गम: सात महिन्यांनंतर, जेवणानंतरच्या त्या पंधरा मिनिटांबद्दल

सिगारेट सुटून सात महिने झाले. त्यातले पहिले सव्वातीन महिने निकोटीन गम, म्हणजे तलफ शमवायला थोडं निकोटीन देणारा च्युइंगम, सोबतीला होता.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत मला पहिली सिगारेट लागायची, म्हणून ४ मिलिग्रॅमचा घेतला. ज्यांची पहिली सिगारेट उशिरा असते त्यांना २ मिलिग्रॅमचा पुरतो. सुरुवातीचे चार दिवस मी तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहिले आणि उचक्या, घशात खवखव, छातीत जळजळ असं सगळं झालं. चूक माझ्या पद्धतीत होती. हळूहळू चावायचा, मिरी दाताखाली आल्यासारखी चुणचुण जाणवली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचा. असा एक गम अर्धा तास चालतो. निकोटीन गालाच्या आतून रक्तात जायला हवं; लाळेबरोबर गिळलं की पोटाला त्रास होतो.

अडचण वेगळीच निघाली. गम तोंडात टाकण्याआधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, कारण कॉफी किंवा फळांच्या रसाने तोंडात आम्लता वाढते आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. माझी सगळ्यात जबर तलफ जेवणानंतरची! नेमकी तेव्हाच गमची सोय नाही.

तिसऱ्या आठवड्यात जिभेला चव परत आली आणि एरवी सहज खाल्लेलं तिखट झोंबायला लागलं. एकदा तर कान तापले, डोळ्यांतून धारा. पाणी पीत राहिले, आग हलेना. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं; ते पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून घेतं. गार दुधाचा घोट तोंडात घोळवला, थोडा वेळ धरून ठेवला, मग गिळला. चार-पाच घोटांत जीभ शांत झाली. ग्लास खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं, सिगारेटची आठवणच झाली नव्हती.

तेव्हापासून जेवण तिखट असो वा नसो, शेवटी तसंच सावकाश दूध. तलफ बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत ओसरते. त्यानंतर पंधरा मिनिटं थांबून गम, आणि पुढे पुढे तर गमची गरजच लागायची नाही.

खरी कसोटी पाचव्या महिन्यात लागली. गम बंद झालेला, कौतुक करणारेही थांबलेले. एका वाईट दिवशी कुणीतरी सिगारेट पुढे केली आणि मी ती हातात घेतली. पेटवणार तेवढ्यात जिन्यातून लसूण परतल्याचा वास आला. कित्येक वर्षांत असे वास मला येतच नव्हते. हे पुन्हा घालवायचं नाही, एवढंच डोक्यात आलं आणि सिगारेट परत दिली.

गमबद्दलच्या तक्रारी दोन. जबडा दुखतो, आणि तो सोडताना चिकाटी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी असं वेळापत्रक असतं. मला दोन आठवडे जास्त लागले. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कवळी असेल तर तिला गम चिकटतो; अशांनी त्वचेवर चिकटवायच्या निकोटीन पॅचबद्दल विचारावं.